घुबड छाप कुलूप

माझ्या काकांना आमच्या गल्लीत सगळे चिनीकाका म्हणत. कौतुकानं नव्हे. धंदा बसल्यापासून हे नाव असं उच्चारलं जाई, की ज्याला हाक मारली त्यानं मान खाली घालावी. काका मान खाली घालत नसत. "काय रे?" म्हणत आणि हातातलं काम चालू ठेवत. त्यांचं नाक सरळसोट, डोळे बटाट्याएवढे, आणि चीनशी संबंध एवढाच, की आयुष्यात एकदा ते तिकडे दोनेक महिने राहून आले होते. पण गल्लीला धंदा बुडवणारा कुणीतरी हवा होता. तो घरचाच मिळाला, तर लांब शोधायला कोण जातो?

गल्ली कुलपांची होती. पुढे दुकान, मधे कारखाना, मागे घर, अशा एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या लांबट इमारती. सकाळ झाली की दोन्ही बाजूंनी कानशींची खरखर सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. पितळेचा कीस पायांना चिकटून घरात यायचा, गादीत जायचा, केसांत जायचा. शाळेत आमच्या गल्लीतली मुलं उन्हात उभी राहिली की चमकायची. त्याची आम्हांला लाज वाटायची आणि आता त्याचीच आठवण येते.

आमच्या कुलपावर घुबडाची छाप असे. ती आजोबांनी निवडलेली. लोक म्हणायचे, "अहो, दुसरं काही चांगलं सुचलं नाही का?" आजोबा म्हणायचे, "रात्रभर जागा राहणारा दुसरा कोणी दाखव, त्याची छाप करतो." यावर एकदा कुणीतरी म्हणालं, "चोर." आजोबा इतके हसले म्हणे, की त्या माणसाला कुलूप फुकट दिलं. छाप मात्र घुबडाचीच राहिली आणि नावारूपाला आली. सगळ्या गल्लीत तिला मान होता. दूरदूरच्या गावांतले दुकानदार नुसतं "घुबड द्या" म्हणत.

घुबड दोघा भावांचं. थोरले माझे बाबा, धाकटे काका. बाबा कमी बोलत, आणि बोलले की ऐकणाऱ्याला वाटे, हे गप्प होते तेच बरं होतं. काका उलटे. किल्ली करून घ्यायला आलेल्या माणसाच्या सासूची तब्येत आणि मुलाची नोकरी विचारल्याशिवाय त्याला सोडत नसत. "किल्ली मिनिटाची आणि याचं पुराण तासाचं," असं बाबा करवादत. माझी आई मी लहान असतानाच गेली. काका-काकूंना मूल नव्हतं, तेव्हा मला काकूनंच वाढवलं. लाडानं बिघडवलं असं बाबा म्हणत, आणि त्यात तथ्य आहे. काका मला चिमणे म्हणत. मी पोस्टात नोकरीला लागले, केस पांढरे झाले, तरी चिमणेच.

आता थोडं कुलपाबद्दल, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. कुलपाच्या पोटात पितळेचे खटके असतात. बरोबर किल्ली घातली की ते हवे तेवढेच उचलले जातात आणि कडी सुटते. प्रत्येक खटक्याला वरून दाबून धरते एक पोलादी पट्टी, नखाएवढी. सगळं कुलूप तिच्या जिवावर. ती थकली की खटके ढिले पडतात, आणि मग कुठलीही किल्ली चालते, केसातला आकडासुद्धा. पट्टी तापवायची, एकदम गार करून तिला पाणी द्यायचं, मग पुन्हा मंद तापवायची, हे जगभर करतात. आमच्या गल्लीत घरोघर त्यानंतर आणखी एक काम असे. संध्याकाळी कारखाना झाडून झाला की दिवसभराच्या पट्ट्या वाडग्यात घालून मागे घरात यायच्या. काकू त्यांना तेल लावायची, लोखंडी चापात घट्ट दाबायची आणि चाप चुलीतल्या ऊन राखेत पुरायची. सकाळी काढायची. दाबलेली पट्टी रात्रभरात जी काय बसायची ती बसून घ्यायची, आणि मग जन्मभर बसायची नाही, ढिली पडायची नाही. याला पट्टी निजवणं म्हणत. पट्टी निजली तरच घुबड जागं राहतं, असं काकू म्हणायची.

हे काम चुलीपाशी ठेवलेलं होतं ते मुद्दाम. गिऱ्हाईक, नोकर, सरकारी माणूस, कुणीही आला तरी कारखान्यापर्यंत येतो, स्वयंपाकघरात येत नाही. गल्लीचा एकच नियम होता: कारखान्यातलं सगळं दाखवा, स्वयंपाकघरातलं काही नाही. जी मुलगी लग्न होऊन गल्लीबाहेर जायची शक्यता, तिच्या हातातसुद्धा चाप देत नसत. मला कधी दिला नाही. मी दारात उभी राहून बघायची, आणि काकू पाठ करून बसायची.

मग चिनी कुलपं आली. आधी एखाद्या दुकानात टोपलीभर, मग प्रत्येक दुकानात पोतंभर. हलकी, चकचकीत, आणि आमच्या निम्म्याहून स्वस्त. गल्लीतले लोक ती फोडून बघत, नाक मुरडत, आणि घरी जाऊन जेवत नसत. अशात शहरातल्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष गल्लीत आले. अध्यक्षांच्या तोंडी एकच शब्द असे, हातमिळवणी. "लढून मरण्यापेक्षा हात मिळवा," ते म्हणाले. "यंत्रं त्यांची, नाव आपलं. घुबड तिकडे बनेल आणि तुमच्या हातून सगळ्या मुलखात विकलं जाईल. त्या बदल्यात तिकडच्या बाजारात आपल्या चामड्याला, धाग्याला दार उघडेल. फक्त तुमच्यातल्या एका चांगल्या कारागिरानं तिकडे जाऊन त्यांना घुबड करायला शिकवलं पाहिजे."

बाबांनी त्यांना चहा पाजला आणि "विचार करतो" म्हणाले. आमच्या घरात याचा अर्थ नाही असा होता. पण त्या रात्रीपासून गल्लीतले लोक एकेक करून येऊ लागले. तुमचं नाव मोठं, तुम्ही हो म्हणालात तर आमच्या मुलांना निदान माल तपासायचं, पोचवायचं काम तरी मिळेल. शेवटी बाबा काकांना म्हणाले, "तू जा. तुला माणसं लागतात, मला लागत नाहीत."

निघायच्या सकाळी काकांची पेटी दारात होती. बाबा कानस घासत बसले होते, त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "कारखान्यातलं सगळं दाखव," ते म्हणाले.

"हो, दादा."

"स्वयंपाकघरातलं नाही."

"अरे, पण कुलपावर नाव तर आपलंच—"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडलीस, तर उद्या त्यांना आपलं नावही लागणार नाही. शब्द दे."

काकांनी शब्द दिला. मी तेव्हा कॉलेजात होते, उंबऱ्यावर उभी होते. मला आजही वाटतं, की त्या क्षणी कुणीतरी ओरडायला हवं होतं. पण ओरडण्यासारखं काही दिसत नव्हतं. भाऊ भावाला शब्द देत होता, एवढंच.

तिकडचं सगळं काकांनी मला इतक्यांदा सांगितलं, की आता मीच जाऊन आल्यासारखं वाटतं. कारखाना आमच्या गल्लीएवढा लांब. त्यात कुलपांच्या कामावर एक वयस्कर कारागीर मुख्य होता. त्याला काका वस्ताद म्हणत, आणि तोही काकांना तिकडच्या भाषेत तसंच काहीतरी म्हणे. दोघांमध्ये आमची भाषा शिकलेली एक दुभाषी बाई असे. पण चार दिवसांत काका आणि वस्ताद तिची वाट न बघता हातवाऱ्यांवर बोलू लागले. "पितळ सगळीकडे पितळच असतं, चिमणे," काका म्हणायचे. वस्ताद काकांच्या हाताखाली शिकाऊ पोरासारखा बसे. काका कानस जशी धरत तशी धरे. काकांनी एक पट्टी सातदा करायला लावली, तर आठव्यांदा आपणहून करे. सुटीच्या दिवशी तो काकांना घरी नेई. त्याची बायको समोर बसून वाढे, आणि काका तिच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून हातभर अंतरावर, मांडी घालून जेवत.

"त्यांनी मला सरळ आत नेलं गं," हे सांगताना काकांचा आवाज दरवेळी बारीक व्हायचा.

शेवटच्या दिवशी पट्टी मंद तापवून झाली. वस्तादनं ती हातात घेऊन उजेडात फिरवली, आणि दुभाषी बाईला मुद्दाम बोलावून विचारलं, "यानंतर काही करायचं असतं का?"

काका म्हणाले, "नाही. एवढंच."

त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. एवढी मोठी यंत्रं, पोलादही वेगळं. कदाचित तिकडे निजवायची गरजच नसेल. विचारून खात्री करून घ्यावी असं त्यांना वाटलं होतं, पण विचारायचं म्हणजे सांगायचंच झालं. मग त्यांनी विचारलं नाही.

पहिला माल आला तेव्हा गल्लीत मिरवणुकीसारखी गर्दी झाली. कुलपं देखणी होती. घुबडाचे डोळेसुद्धा आमच्यापेक्षा सुबक. बाबांनी एक कुलूप कानाशी धरून कितीतरी वेळा उघडझाप केली आणि "बरं आहे" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच. काकांना लोकांनी खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. चिनीकाका हे नाव त्याच दिवशी पडलं, आणि त्या दिवशी ते खरंच कौतुकाचं होतं. संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात आले. "सांगितलं नाहीस ना?"

"नाही."

बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. भावाच्या पाठीवर हात ठेवताना मी बाबांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काकू चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं फक्त विचारलं, "मग ती कुलपं टिकणार कशी?"

वर्षभर सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या वर्षी एक औषधांचा दुकानदार आला आणि त्यानं कुलूप आमच्या टेबलावर आपटलं. त्याच्या दुकानाचं कुलूप शेजारच्या न्हाव्याच्या किल्लीनं उघडत होतं. पाठोपाठ एका शाळेचा शिपाई आला. मग गोदामवाले. मग रोजच कुणी ना कुणी. पट्ट्या थकल्या होत्या. एका गावात बंद घरात चोरी झाली, चोरानं कुलूप मोडलंसुद्धा नव्हतं. "घुबड छाप! रात्रभर जागतं, चोराला दार उघडायला," हा विनोद आमच्याच गल्लीतल्या पोरांकडून मी ऐकला. आजोबांचा विनोद बरा होता.

लोक म्हणाले, चिनी मालच तसला. अध्यक्षही तेच म्हणाले, पेपरातही तेच आलं. हातमिळवणी करायला निघालेल्यांनी हात झटकले. आमच्या घरात मात्र चौघांनाही माहीत होतं, की चिन्यांनी काही बिघडवलेलं नाही. आम्ही जेवढं शिकवलं तेवढं त्यांनी तंतोतंत केलं होतं. काका झुरू लागले. खाई त्याला खवखवे. एके दिवशी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं.

"दादा, मी वस्तादला कळवतो. एक काम राहिलं होतं म्हणून सांगतो. पुढचा माल तरी नीट येईल. घुबड वाचेल."

"आणि गल्लीला काय सांगशील? आपण लपवलं म्हणून नाव बुडालं? का आता चोरून सगळं देऊन टाकलं म्हणून?"

"काहीही सांगू. पण तो माणूस तिकडे शिव्या खात असेल."

"कोण कुठला माणूस!" बाबा म्हणाले. "तुझा शब्द मला आहे. त्याला नाही."

मला बाबांचा राग येतो. ते जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. ते वाईट नव्हते. घाबरले होते, आणि घाबरलेल्या थोरल्या भावाला नियमापलीकडे काही दिसत नाही, हे मला आता कळतं. कळलं म्हणून राग जातो असं नाही.

आणि मग एका सकाळी वस्तादच आमच्या दारात आले.

कंपनीनं पाठवलं नव्हतं. कंपनीनं त्यांना कामावरून काढलं होतं. दुभाषी बाईला बरोबर घेऊन, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो ठेंगणा माणूस गल्लीतून पत्ता विचारत आला, आणि लोक दुकानांतून बाहेर येऊन त्याच्याकडे बघत राहिले. काकांना बघताच त्यानं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. मग पिशवीतून घुबड छाप कुलूप काढलं, आमच्या टेबलावर ठेवलं आणि मान खाली घालून काहीतरी बोलला.

दुभाषी बाई म्हणाली, "ते म्हणतात, तुम्ही चांगलं शिकवलंत. मीच नीट शिकलो नाही. माझ्यामुळे तुमच्या घराचं नाव खराब झालं, त्याची माफी मागायला आलोय. माझं कुठे चुकतं ते एकदा बघा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी स्वतःच दोर घेऊन आला होता. काकांचा चेहरा बघवेना. बाबा कोपऱ्यात त्यांच्या जागी बसले होते, कानस मांडीवर ठेवून.

दिवसभर वस्ताद काम करत राहिले आणि काका शेजारी बसून बघत राहिले. मग काकांनी केलं, आणि त्यांनी बघितलं. चूक कुठेच नव्हती, सापडणार कशी? प्रत्येक पायरीला वस्ताद थांबत, काकांकडे बघत, आणि काका मान हलवत. बरोबर. हेही बरोबर. कारखान्यात नुसतं उभं राहणंही मला जड झालं, पण आत जाववेना. संध्याकाळ झाली. पट्ट्या वाडग्यात पडल्या. आत काकूनं चूल पेटवून विझवली होती. कितीही काही झालं तरी आम्ही दुकानापुरती हातानं केलेली कुलपं अजून करत होतो, आणि त्यांच्या पट्ट्या अजून निजत होत्या. गरम तेलाचा वास कारखान्यापर्यंत आला होता.

वस्तादांनी एक पट्टी उचलली, उजेडात फिरवली आणि तोच प्रश्न विचारला. दुभाषी बाईनं सांगायच्या आधीच आम्हांला तो कळला.

"यानंतर काही असतं का?"

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी काकांकडे पाहिलं नाही, कानशीवरून बोट फिरवत राहिले. स्वयंपाकघराच्या दारात काकू येऊन उभी राहिली होती. तिनं चाप फडक्याखाली झाकला होता, पण हात बाहेर होते, आणि ते तेलानं माखलेले होते. ती काकांकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, आता सांगतील. माझ्या ओठांवर आलं होतं, तर त्यांच्या आलंच असेल.

"नाही," काका म्हणाले. "एवढंच."

वस्तादांनी मान हलवली. हत्यारं एकेक पुसून पिशवीत ठेवली. चहा घेतला. निघताना ते काकूचा निरोप घ्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत पाऊल टाकलं नाही. दारातूनच वाकले, एकदा चुलीकडे पाहिलं आणि वळले. काका त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायला गेले. परत आले ते थेट अंथरुणावर पडले, आणि तिसऱ्या दिवशी उठले.

त्यानंतर काकांनी कुलूप केलं नाही. कानस हातात धरली की बोटं थरथरत. वैद्य, डॉक्टर सगळे झाले, बोटांना काही झालेलं नव्हतं. मंडळानं दुसऱ्याच कारखान्याकडून बिनछापेची कुलपं आणायला सुरुवात केली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. गल्लीतल्या कानशी एकेक करून गप्प झाल्या. कारखान्यांत आधी भंगार भरलं, मग मोबाइलची दुकानं निघाली. तरीही उरलेल्या घरांतून कुणी पट्टी निजवायचं बाहेर सांगितलं नाही. विकायला कुलूप नाही, पण लपवायला गुपित आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. आणि लोक म्हणत राहिले, चिनीकाकांनी चिन्यांना सगळं शिकवलं आणि गल्ली बुडाली. ज्या एका गोष्टीचा खरा दोष काकांना लागायचा, तो कुणी लावला नाही. जो लावला तो खोटा होता. काकांनी तो बिनतक्रार घेतला. मला वाटतं, कुठला का असेना, पण दोष मिळाल्याचं त्यांना बरंच वाटत असावं.

त्यांनी नाक्यावर डुप्लिकेट किल्ल्यांची टपरी टाकली. किल्ली कापायचं यंत्र चिनी होतं. "हे बघ, शेवटी हातमिळवणी झालीच," ते म्हणायचे. गिऱ्हाइकाच्या सासूची चौकशी मात्र त्यांनी सोडून दिली होती.

बाबा गेले. शेवटच्या आजारात एकदा त्यांनी काकांना जवळ बोलावलं. मला वाटलं, शब्दातून मोकळं करतील. ते म्हणाले, "छापेचा ठसा कपाटात आहे, गंजू देऊ नकोस." बस.

बाबांना जाऊन बरेच दिवस झाल्यावर काकू एक दिवस माझ्या घरी आली आणि म्हणाली, "तुझ्या फोनवर ते हलतं चित्र काढता येतं ना? मग चल." काका काही बोलायला तयार नव्हते. "दादाला शब्द दिलाय," एवढंच म्हणत होते. काकू त्यांच्यासमोर उभी राहिली. "शब्द तुम्ही दिलाय. मी कुणाला दिलेला नाही. चूल माझी होती, चाप माझा होता. मला कुणी विचारलंसुद्धा नाही." चाळीस वर्षांच्या संसारात तिचा एवढा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. काका उठून माळ्यावरून चाप काढायला लागले.

चूल आता नव्हती. काकूनं कढईत वाळू तापवली. सुरकुतलेल्या हातांनी पट्टीला तेल लावलं, चापात घातली, आवळली आणि वाळूत पुरली. मी चित्र घेत होते. शेवटी काका फोनकडे बघून म्हणाले, "वस्ताद, यानंतर हे असतं. तुमचं काही चुकलं नव्हतं." चित्र झाल्यावर काकूनं दुसरा चाप माझ्या हातात दिला. "आता तूही कर. नियम करणारे गेले." माझी पट्टी वाकडी बसली. तीही तिनं ठेवून घेतली.

दुभाषी बाईचा पत्ता लागायला वेळ लागला. जुन्या मंडळातल्या एकाकडे तिचा नंबर निघाला. मी चित्र पाठवलं. काका रोज टपरी बंद करून माझ्याकडे येत, बसत, चहा पीत. "आलं काही?" असं तोंडानं विचारत नसत, फोनकडे बघत. शेवटी तिचं उत्तर आलं. वस्ताद दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या मुलाला चित्र दाखवलं आहे. तो काहीतरी पाठवतो आहे.

पार्सल माझ्याच पोस्टात आलं. मी ते न फोडता काकांकडे नेलं. आत जुन्या कापडात गुंडाळलेलं कुलूप होतं. हातानं केलेलं. त्यावर घुबड कोरलेलं होतं, थोडं कोंबडीच्या वळणावर गेलेलं. काकांनी किल्ली फिरवली. कडी अशी सुटली, की आवाजसुद्धा आमच्या घरचा वाटला. त्यांनी आपल्या टपरीवरच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि एकेक किल्ली घालून बघितली. एकही लागली नाही. मग त्यांनी मागचं झाकण काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पट्ट्यांवरून नख फिरवलं.

"निजवल्यात," ते म्हणाले.

दुभाषी बाईनं मुलाचा निरोप आवाजात पाठवला होता. मी तो लावला. "बाबा तुमच्याकडून परत आले, त्याच हिवाळ्यात घरच्या चुलीपाशी बसून त्यांनी हे शोधून काढलं. तुमच्या चुलीतून गरम तेलाचा वास येत होता आणि बाईंचे हात तेलाचे होते, असं ते सांगत. हे एकच कुलूप त्यांनी केलं. ते आमच्या दाराला होतं. आम्ही म्हणायचो, कंपनीला दाखवा, काम परत मिळेल. ते म्हणायचे, त्या घरानं हे मला दिलेलं नाही. जे दिलं नाही ते विकायचं नाही."

काकू डोळ्यांना हात लावून आत गेली. काकांनी कुलूप पुन्हा हातात घेतलं. झाकण पुन्हा बसवताना त्यांची बोटं थरथरत नव्हती.

"चिमणे, आपण पाठवलेलं त्यानं बघितलं नाही ना?"

"नाही काका. ते आधीच गेले होते."

"म्हणजे त्याला माहीत होतं. मी समोर बसून खोटं बोललो, ते त्याला माहीत होतं. आणि त्याच्यापाशी माझं शेवटचं बोलणं 'एवढंच' हेच राहिलं."

त्यांनी कुलूप बंद केलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि टपरी उघडायला गेले.